जिमचे सदस्यत्व रद्द करताना : ‘पैसे परत मिळणार नाहीत’ हा शेवटचा शब्द नव्हे

पणजी, पर्वरी, म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को... राज्यातील बहुतेक शहरांत आज जिम आहेत आणि त्यांची वर्गणी भरण्याची पद्धतही सारखीच आहे. महिन्याचे पैसे भरायचे तर दर चढा, वर्षाचे एकदम भरले तर तोच दर बराच खाली. साहजिकच अनेकजण बारा महिन्यांची रक्कम पहिल्याच दिवशी भरून मोकळे होतात. अडचण उद्भवते ती नंतर. कुणाचा गुडघा दुखावतो, कुणाची बदली होते, कुठे प्रशिक्षकच सोडून जातो, तर कुठे जिमलाच टाळे लागते. उरलेल्या महिन्यांचे पैसे मागायला गेल्यावर व्यवस्थापन पावतीच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवते : ‘एकदा भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.’

बहुतेक ग्राहक इथेच थांबतात. वास्तविक ते वाक्य कायद्याच्या वर नाही. मात्र, मनात आले की सदस्यत्व सोडून सगळी रक्कम परत मागता येते, असाही कायदा नाही. सत्य या दोहोंच्या मध्ये आहे आणि ते एका प्रश्नावर अवलंबून आहे : सदस्यत्व कोणत्या कारणाने संपत आहे?

कायद्याचा आधार

जिमच्या सदस्यत्वासाठी आपल्याकडे स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. करारानंतर ठरावीक दिवसांत कारण न देता माघार घेण्याची सर्वसाधारण मुभाही नाही. ती कुणी दिलीच असेल, तर ती त्या जिमच्या स्वतःच्या अटींमुळे. ग्राहकाचा मुख्य आधार आहे तो ‘ग्राहक संरक्षण कायदा, २०१९’. तो जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. पैसे देऊन घेतलेली जिमची सेवा या कायद्याच्या कक्षेत येते. पूर्णपणे विनामूल्य मिळालेली सेवा, उदाहरणार्थ मोफत चाचणी आठवडा, त्यात येत नाही.

या कायद्यातील तीन संकल्पना जिमच्या वादात उपयोगी पडतात.

पहिली, सेवेतील त्रुटी. कबूल केलेल्या सेवेचा दर्जा, प्रमाण किंवा पद्धत यांत उणीव राहिली की ती त्रुटी ठरते. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा त्रुटीच.

दुसरी, अनुचित व्यापारी प्रथा. त्रुटी असलेली सेवा थांबवून पैसे परत करण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित प्रथा मानली आहे. परताव्याची मुदत बिलावर दिली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस, अशी कालमर्यादाही कायद्यातच आहे. बिल किंवा पावती न देणे आणि फसवी जाहिरात करणे यांचाही याच व्याख्येत समावेश आहे.

तिसरी, अनुचित करार. १९८६ च्या कायद्यात ही व्याख्या नव्हती. करारभंगामुळे होणाऱ्या नुकसानाशी पूर्णपणे विसंगत असा दंड ग्राहकावर लादणारी, वाजवी कारणाविना एकाच पक्षाला करार संपवू देणारी किंवा ग्राहकावर अवाजवी आकार वा बंधन टाकणारी अट या व्याख्येत बसू शकते. मात्र, एखादी अट ‘अनुचित करार’ म्हणून रद्दबातल ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोग व राष्ट्रीय आयोग यांना दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. म्हणून साध्या परताव्याच्या प्रकरणात तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या मुद्द्यांवर जिल्हा आयोगाकडे मांडणे अधिक सोयीचे ठरते.

पण सही तर केली होती...

सहीला अर्थ असतोच. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या प्रकरणात, स्वाक्षरी केलेल्या करारातील अटी ग्राहकावर बंधनकारक ठरू शकतात, असे म्हटले होते. त्यामुळे ‘मी अटी वाचल्याच नव्हत्या’ एवढ्या एका वाक्यावर खटला उभा राहत नाही.

दुसरीकडे, २०१९ च्या पायोनियर अर्बन प्रकरणात याच न्यायालयाने, बिल्डरने तयार केलेला एकतर्फी करार ग्राहकावर लादणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्वाळा दिला. ते प्रकरण सदनिकेचे होते. पण ‘अटी एकाने लिहायच्या आणि दुसऱ्याने फक्त सही करायची’ हे वास्तव जिमच्या छापील अर्जालाही लागू पडते आणि हा युक्तिवाद तिथेही करता येतो.

याशिवाय भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ आहे. करार मोडणाऱ्याने किती रक्कम द्यायची हे करारात लिहिलेले असले, तरी समोरच्याला वाजवी भरपाईच मिळते आणि लिहिलेली रक्कम ही त्याची कमाल मर्यादा ठरते. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात, आधी भरलेली रक्कम जप्त करण्यालाही हे तत्त्व लावले गेले. म्हणजे ग्राहकाने स्वतःहून माघार घेतली, तरी ‘आमचे नेमके नुकसान काय झाले’ या प्रश्नाचे उत्तर जिमला द्यावे लागू शकते.

कारण कोणते, त्यावर हक्क

*जिमच बंद पडली किंवा दूर गेली.* येथे ग्राहकाची बाजू सर्वात भक्कम. ज्या महिन्यांची सेवा मिळालीच नाही, त्यांचे पैसे ठेवून घेण्याला आधार उरत नाही. पर्वरीची शाखा बंद करून ‘आता म्हापशाला या’ असे सांगणे म्हणजे कराराचे पालन नव्हे. पर्याय स्वीकारायचा की नाही, हे ग्राहकाने ठरवायचे. मात्र, तो नाकारायचा असेल तर लगेच आणि लेखी नाकारावा. नव्या शाखेत महिनाभर जाऊन नंतर तक्रार केल्यास बाजू दुबळी होते.

*कबूल केलेली सेवा मिळत नाही.* वातानुकूलन बंद, यंत्रे महिनोन्‌महिने नादुरुस्त, महिलांसाठी राखीव वेळ रद्द, वैयक्तिक प्रशिक्षणाचे पैसे घेऊन प्रशिक्षक नाही, वेळापत्रकात परस्पर बदल. अशा वेळी तारखांसह तक्रारी नोंदवाव्यात, छायाचित्रे ठेवावीत आणि दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्यावी. त्यानंतरही सुधारणा न झाल्यास सदस्यत्व सोडून उरलेल्या काळाचे पैसे मागता येतात. एखादे यंत्र दोन दिवस बंद राहिले, एवढ्यावर मात्र संपूर्ण परतावा मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

*आजार, दुखापत, गर्भारपण, बदली.* येथे जिमची चूक नसते, पण ग्राहकाचीही नसते. आधी अर्ज तपासावा. बऱ्याच करारांत सदस्यत्व काही काळ थांबवण्याची, म्हणजे ‘फ्रीझ’ करण्याची, किंवा दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय असते. ती उपयोगाची नसेल, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र किंवा बदलीचा आदेश जोडून प्रमाणशीर परतावा मागावा. डॉक्टरांनी ‘विश्रांती घ्यावी’ एवढेच लिहिण्याऐवजी कोणता व्यायाम किती काळ वर्ज्य आहे, हे स्पष्ट लिहिलेले असावे. रिकामी झालेली जागा जिम दुसऱ्या सदस्याला देऊ शकते, त्यामुळे संपूर्ण रक्कम जप्त करणे वाजवी नाही, हा येथील मुख्य युक्तिवाद.

*केवळ मन बदलले.* ही सर्वात कमकुवत बाजू. सेवा उपलब्ध आहे, ग्राहकाला ती नको आहे. येथे करारातील अट प्रथम पाहिली जाते. तरीही सदस्यत्व सुरू होण्यापूर्वीच, किंवा चार-दोन दिवसांत लेखी कळवले असेल, तर संपूर्ण वर्षाची रक्कम ठेवून घेणे हे कलम ७४ च्या कसोटीवर टिकणे कठीण. वर्षातले दहा महिने उलटल्यावर मात्र हा मुद्दा पुढे करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

मागायचे किती?

अवास्तव मागणी प्रकरण बिघडवते. एक उदाहरण पाहू. वार्षिक वर्गणी १८,००० रुपये, तीन महिने वापर, नऊ महिने शिल्लक. सरळ हिशेबाने महिन्याला १,५०० रुपये, म्हणून परतावा १३,५०० रुपये. जिम म्हणेल, ‘महिन्याचा आमचा दर २,५०० रुपये आहे. तुम्ही वार्षिक सवलत घेतली आणि वर्ष पुरे केले नाही.’ मग तीन महिन्यांचे ७,५०० वजा जाऊन परतावा उरतो १०,५०० रुपये.

दोन्हींपैकी योग्य हिशेब कोणता? जिमच्या त्रुटीमुळे किंवा ती बंद पडल्यामुळे करार संपत असेल, तर सवलत काढून घेण्याचे कारण नाही, पहिलाच हिशेब धरावा. ग्राहकाच्या कारणाने संपत असेल, तर दुसरा हिशेब निराधार म्हणता येणार नाही आणि तडजोडीसाठी तो बरा आकडा ठरतो. मागणी करताना वर्गणीवर आकारलेल्या जीएसटीचा उरलेल्या काळाचा वाटाही धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरील हा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. वर्गणी त्याआधी भरली असेल, तर पावतीवर प्रत्यक्ष आकारलेला दरच हिशेबात घ्यावा.

हप्ते आणि आपोआप कापली जाणारी रक्कम

येथे होणारी चूक सर्वात महाग पडते. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून जे सांगितले जाते, ते अनेकदा जिमचे हप्ते नसतात, ते बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे कर्ज असते. वित्तसंस्था जिमला रक्कम आधीच देऊन मोकळी होते आणि ग्राहक तिचा कर्जदार बनतो. अशा वेळी जिमवरच्या रागाने हप्ते थांबवले, तर दंड लागतो आणि पतमानांकन घसरते. पुढे घराचे किंवा वाहनाचे कर्ज घेताना त्याची झळ बसते. म्हणून जिम आणि वित्तसंस्था या दोघांनाही एकाच वेळी लिहावे आणि जिमने परताव्याची रक्कम थेट कर्जखात्यात भरावी, अशी मागणी करावी. डिजिटल कर्ज असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सुरुवातीची काही मुदत माघारीसाठी राखलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा प्रमाणशीर खर्च भरून, दंडाविना कर्जातून बाहेर पडता येते. ही मुदत किती, ते कर्जाच्या कागदपत्रांत लिहिलेले असते.

दरमहा खात्यातून किंवा कार्डावरून वर्गणी कापली जात असेल, तर बाब वेगळी. आवर्ती ई-मँडेटच्या व्यवस्थेत रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना येणे अपेक्षित आहे आणि दिलेली संमती ग्राहकाला मागे घेता येते. यूपीआय ऑटोपे असेल तर ते संबंधित अ‍ॅपमधूनच बंद करता येते. जिमला लेखी कळवून मग संमती मागे घ्यावी आणि त्याची नोंद जपावी. बँकेने वा वित्तसंस्थेने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

अ‍ॅपवरून घेतलेले सदस्यत्व

अ‍ॅप किंवा संकेतस्थळावरून घेतलेल्या सदस्यत्वाला ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० लागू होऊ शकतात. त्यानुसार तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर असावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात ती सोडवणे बंधनकारक आहे. ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतून यायला हवी, आधीच खूण केलेल्या चौकटीतून नव्हे. रद्द करताना आकार लावायचा, तर तसाच भार कंपनीही स्वतःवर घेत असली पाहिजे.

शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला गुंगारा देणाऱ्या तेरा डिजिटल क्लृप्त्या नमूद केल्या आहेत. वर्गणी सुरू करणे एका क्षणाचे काम आणि बंद करणे मात्र अशक्यप्राय करून ठेवणे, ही त्यांतलीच एक.

पहिले पाऊल : लेखी मागणी

काउंटरवर घातलेला वाद कुठेही नोंदला जात नाही. म्हणून मागणी लेखी करावी. ईमेल करावा आणि त्याची छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपावी. मजकूर लहान आणि मुद्देसूद असावा :

‘मी अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या पावतीने बारा महिन्यांची वर्गणी म्हणून १८,००० रुपये भरले. अमुक तारखेपासून पुढील कारणाने मी सेवा घेऊ शकत नाही / आपली सेवा उपलब्ध नाही : (कारण). सोबत कागदपत्रे जोडली आहेत. माझे सदस्यत्व आजपासून रद्द करून शिल्लक नऊ महिन्यांची रक्कम, खाली दिलेल्या हिशेबानुसार, हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी. यापुढे कोणतीही रक्कम कापण्यास माझी संमती नाही. अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.’

सोबत पावती, सदस्यत्वाचा अर्ज, जाहिरात किंवा पत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण, बँकेचा उतारा आणि हजेरीची नोंद यांच्या प्रती ठेवाव्यात. मूळ संदेश फोनमधून पुसू नयेत. ‘परतावा नक्की देऊ’ असे तोंडी आश्वासन मिळाले, तर त्याच दिवशी ‘आज झालेल्या बोलण्यानुसार...’ असा संदेश पाठवून ते नोंदीवर आणावे.

उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार व्यवसायापर्यंत पोहोचवून तडजोडीचा प्रयत्न करते. अनेक सदस्यांची एकच तक्रार असेल किंवा जाहिरातच फसवी असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अथवा केंद्रीय प्राधिकरणाकडेही लेखी तक्रार करता येते.

आयोगाची पायरी

राज्यात उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा असे जिल्हा आयोग असून राज्य आयोग पणजीत आहे. भरलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, म्हणजे जिमचे जवळजवळ प्रत्येक प्रकरण तिथलेच. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते.

मुदत मात्र काटेकोर आहे : तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. उशीर झाल्यास त्याचे पुरेसे कारण द्यावे लागते. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे जिम सांगत राहते आणि ग्राहक वाट पाहत राहतो, यात वेळ निघून जाते.

मोठ्या साखळी जिमच्या करारात ‘सर्व वाद मुंबई किंवा बेंगळुरूच्या न्यायालयातच’ असे लिहिलेले असते. त्याने घाबरून जाऊ नये. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो जिथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पणजीत नोकरी करताना सदस्यत्व घेतलेल्या आणि आता बेळगाव किंवा सावंतवाडीला परतलेल्या ग्राहकाला त्यासाठी गोव्यात खेपा घालण्याची गरज नाही. करारात लवादाची अट असली, तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले आहे.

नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात, आयोग फार तर आणखी पंधरा दिवस देऊ शकतो. त्यापलीकडे मुदत वाढवता येत नाही. ज्या प्रकरणांत वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागत नाही, ती तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो, ही तयारी ठेवावी. दोन्ही पक्ष राजी असतील, तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवतो आणि लहान रकमेच्या वादात हा मार्ग बहुधा शहाणपणाचा ठरतो.

निकाल ग्राहकाच्या बाजूने लागल्यास आयोग परतावा, व्याज, भरपाई आणि तक्रारीचा खर्च देण्याचा आदेश देऊ शकतो. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षे कारावास किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

जिम रातोरात बंद झाली असेल, तर सदस्यांनी विखुरलेल्या तक्रारी करण्याऐवजी एकत्र यावे. समान हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करता येते आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनाही ती दाखल करू शकते. मालक नेमका कोण, हे पावतीवरील जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकल्यास कळते, कारण तिथे व्यवसायाच्या नावाबरोबर नोंदणीकृत कायदेशीर नावही दिसते. बंद करायचे आधीच ठरवून वर्गण्या गोळा केल्या असतील, तर ती फसवणूक ठरू शकते आणि पोलीस ठाण्यात तक्रार देण्याचा मार्ग खुला असतो.

पैसे भरण्यापूर्वी

हक्क लढून मिळवण्यापेक्षा वाद टाळणे स्वस्त. पहिल्यांदा तीन महिन्यांचेच सदस्यत्व घ्यावे, मग वर्षाचा विचार करावा. अर्जाची प्रत तिथल्या तिथे मागून घ्यावी. परतावा, फ्रीझ, नावबदल आणि शाखा बंद झाल्यास काय, हे चार प्रश्न विचारून उत्तरे पावतीवर किंवा संदेशात लिहून घ्यावीत. हप्ते असतील, तर कर्ज कोणाचे आणि कोणाच्या नावावर, हे सही करण्याआधी जाणून घ्यावे. रोख भरली तरी पावती घ्यावीच. आणि जिथे ‘आजच भरा, उद्या दर वाढणार’ असा घोशा लावला जातो, तिथे एक रात्र थांबावे. वर्षभर सोबत करू इच्छिणारी जिम ग्राहकाला एका दिवसाचा विचार नक्कीच करू देईल.